वडाखालची जमीन

थंड देशांत लाल ओक लावणाऱ्याला सल्ल्याची वाण नसते. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचे हे झाड. त्याला किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन लागते, कडक हिवाळा लागतो, आणि चुनखडीच्या रानात त्याची पाने लोहाअभावी पिवळी पडतात. एखाद्या हौशी माणसाने बी मागवून मिरज-तासगावच्या काळ्या रानात ते लावले, तर रोप उगवेलही, पण त्याचा वृक्ष होणे कठीण. अस्सल ओक आपल्या देशात हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत, सह्याद्रीत नाहीत. पाचगणीच्या वाटेवर दिसणारा सिल्व्हर ओक हा नावापुरता ओक. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि ओकाच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही. त्यामुळे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, गावाला ओळख देईल असे झाड लावायचे म्हटले, तर हात वडाकडेच जातो. तरी ओकाविषयीच्या परदेशी पुस्तकांतली एक सवय उचलण्यासारखी आहे. झाडाचा विचार ती जमिनीपासून सुरू करतात: माती कशी, मुळांना जागा किती, त्या जागेवरून कोण चालणार, कोण गाडी नेणार. आपल्याकडे वडाविषयी बोलणे सुरू होते ते सावित्रीपासून, नाही तर प्राणवायूपासून, आणि संपते रोपवाटपाच्या छायाचित्राशी. वड टिकतो तो त्याच्याखालच्या जमिनीवर, आणि त्याची निगा राखायची म्हणजे ती जमीन मोकळी, भुसभुशीत आणि झाडाच्या नावावर राखायची, एवढेच वडाच्या निगेवरच्या या पुस्तकाचे म्हणणे आहे. बाकीच्या गोष्टी, म्हणजे खत, छाटणी, फवारणी, त्यामागून येतात.

याचा सगळ्यात मोठा पुरावा जावळी तालुक्यात, वैराटगडाच्या परिसरात उभा आहे. वडाचे म्हसवे हे गाव नावातच वड घेऊन आहे. १८८२ साली ली-वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या वडाचे माप घेतल्याची नोंद आहे: घेर १,५८७ फूट, दक्षिणोत्तर लांबी ५९५ फूट, पूर्व-पश्चिम ४४२ फूट. हे आकडे नुसते वाचून सोडून देण्यासारखे नाहीत. लांबी-रुंदीवरून लंबवर्तुळाचा हिशेब केला तर सावलीखालची जमीन पावणेपाच एकरांच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ एकशे नव्वद गुंठे. एवढे रान कुणी तरी, कधी तरी नांगराखाली न आणता सोडले, म्हणून तो वड तेवढा झाला. आज मूळ खोड राहिलेले नाही. पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडे झाली आणि झाड त्या खोडांवर उभे आहे. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाची गोष्टही हीच. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याला जखमा झाल्या, जखमांतून बुरशी शिरली आणि १९२५ साली मधला मुख्य बुंधा काढून टाकावा लागला. तरीही झाड जगले, वाढले, आज हजारो पारंब्यांवर पसरले आहे. एका खोडावर जगणाऱ्या झाडाला आयुष्याची मर्यादा असते, कारण खोड आतून कुजते. वडाने ती मर्यादा ओलांडण्याची सोय स्वतःच केलेली आहे. अट एवढीच, की पारंबी खाली उतरेल तेव्हा तिला माती भेटली पाहिजे. डांबर, फरशी किंवा कात्री भेटली, तर वडही इतर झाडांसारखाच एका बुंध्यावर म्हातारा होतो.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातले आणि अगदी अलीकडचे. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा, चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात जाणार होता. २०२० च्या जुलैत गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले, आणि रस्त्याच्या आखणीत बदल होऊन झाड वाचले. देशभर त्याची बातमी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पुढे दोनेक वर्षांतच तो वड कोसळला. एवढ्या जुन्या झाडाच्या पडण्याला एकच कारण शोधणे घाईचे ठरेल. वय, वारा, पाऊस, खोडातली पोकळी असे बरेच काही एकत्र येते. पण या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक प्रश्न टाळता येत नाही. आपण झाड वाचवले म्हणतो तेव्हा नेमके काय वाचवतो? कुऱ्हाडीपासून खोड वाचवले की मोहीम फत्ते झाली असे आपल्याला वाटते. झाडाच्या दृष्टीने ती सुरुवात असते. त्यानंतर त्याच्या सभोवतालची किती जमीन खणायची नाही, कुठे भराव टाकायचा नाही, कोणत्या बाजूने यंत्रे न्यायची नाहीत, हे कागदावर ठरावे लागते आणि त्यावर कुणाची तरी रोजची नजर असावी लागते.

मुळांची रचना समजली की हा आग्रह अतिरेकी वाटत नाही. झाडाची मुळे आरशातल्या प्रतिमेसारखी खोल गेलेली असतात, हे चित्र शाळेतल्या फळ्यावरचे. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या विस्ताराबाहेरही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीवरून ट्रॅक्टर-ट्रॉली सारख्या गेल्या, उसाच्या गाड्या सावलीत रात्रभर उभ्या राहिल्या, की मातीतली पोकळी दबते आणि मुळे गुदमरतात. वर फूटभर मुरूम टाकला तरी तेच. गटारासाठी एका बाजूने चर खणला, तर त्या बाजूचा आधारच तुटतो. यातली फसवी गोष्ट अशी, की झाड त्या वर्षी काहीच बोलत नाही. साठवलेल्या अन्नावर ते काही पावसाळे काढते, मग शेंडे वाळू लागतात, आणि एखाद्या वळवाच्या वाऱ्यात ते आडवे होते. तोवर चर खणणारा ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो आणि दोष वाऱ्याच्या माथी जातो.

ब्रिटनमध्ये बांधकामाजवळच्या झाडांसाठी एक प्रमाण ठरलेले आहे: छातीच्या उंचीवर खोडाचा जितका व्यास, त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ झाडासाठी राखून ठेवायचे. मीटरभर व्यासाच्या खोडाला बारा मीटर त्रिज्या, म्हणजे साडेचारशे चौरस मीटर, आपल्या भाषेत साडेचार गुंठे. वडाला हे माप तसेच लावता येत नाही, कारण त्याचे खोड नेमके कुठे संपते आणि पारंब्यांचे जाळे कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, शिवाय त्याला पुढच्या खोडांसाठीही जागा हवी. पण कमीत कमी किती, याचा अंदाज यावरून येतो. पाच गुंठ्यांच्या आत वडाला जागा देणे म्हणजे त्याला कुंडीत लावणे. या दोन जिल्ह्यांतले पाऊसमान पाहता पूर्वेकडे त्याहून जास्त जागा धरावी लागेल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जतला पाचशेच्या आसपास. पश्चिमेच्या दमट हवेत पारंबी आपली आपण खाली येते. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला ती अर्ध्यात सुकते, टोक काळे पडते आणि वर्षानुवर्षे दाढीसारखी हवेत लोंबत राहते. तिथे तिला माणसाचा हात लागतो: उभा चिरलेला पोकळ बांबू पारंबीभोवती बांधायचा, आत माती आणि कुजलेले शेणखत भरायचे, पावसाळा सरल्यावरही ते ओले ठेवायचे. पारंबी एकदा जमिनीत शिरली की तिची जाडी झपाट्याने वाढते, आणि बांबू काढून टाकता येतो. कोणत्या फांदीखाली पारंबी उतरवायची हे निवडणे हा यातला खरा कसबाचा भाग. लांब, आडव्या, जड फांदीला टेकू मिळावा असे पाहायचे. वाटेवरच्या फांदीखाली उतरवून उद्या ती तोडण्याची वेळ आणायची नाही.

आता पाराकडे येऊ, कारण वडाचे सर्वाधिक नुकसान आजकाल प्रेमाने होते. जुने पार नीट पाहिले तर ते घडीव किंवा ओबडधोबड दगडांचे, मातीत बसवलेले आणि मधे मातीच भरलेले दिसतात. दगडांच्या फटींतून गवत येते, मुंग्या जातात, पावसाचे पाणी मुरते. खोड जाड झाले की एखादा दगड सरकतो आणि गावातला गवंडी तो पुन्हा बसवतो. नवा पार निधीतून येतो. त्याला सिमेंटचा कठडा असतो, वर चकचकीत फरशी किंवा पेव्हर ब्लॉक खोडाला अगदी चिकटवलेले असतात, कडेला देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी असते. खोड जिथे जमिनीत शिरताना पसरते तो घेर त्याखाली गाडला जातो. फरशी आणि साल यांच्या फटीत पाणी साचते, साल मऊ पडते आणि तिथून वाळवी व बुरशी आत जाते. वाळवीचे पुढे काय होते याचे उदाहरण तेलंगणात महबूबनगरजवळ पाहायला मिळाले. तिथल्या पिल्ललमर्री या प्राचीन वडाला २०१८ साली रुग्णासारख्या सलाइनच्या बाटल्या लावून कीटकनाशक थेंबाथेंबाने द्यावे लागले. चित्र करुण होते, छापूनही खूप आले. झाड त्या अवस्थेला पोहोचू न देणे हे त्याहून पुष्कळ स्वस्त आणि पुष्कळ कमी प्रसिद्धीचे काम आहे. पार बांधायचाच असेल तर तो खोडापासून दूर, कोरड्या दगडांचा आणि आतली मूळ मातीची पातळी न चढवता बांधावा.

वटपौर्णिमेच्या सुताने वडाचे फारसे बिघडत नाही. ते कुजून जाते, मात्र नायलॉनचा दोरा वेळेवर काढलेला बरा. बाजारात विकायला आणलेल्या फांद्यांचे मात्र समर्थन होत नाही. त्या ओरबाडलेल्या असतात, आणि फांदी ओरबाडली की खोडाची साल लांबवर सोलली जाते. छाटणीचे शास्त्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकी संशोधकाने बरेच स्पष्ट केले. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंत उभी करते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. फांदी खोडाला मिळते तिथला फुगीर कडा राखून काप घेतला तर ही भिंत लवकर उभी राहते. खोडालगत सपाट कापणे चूक, खुंटी सोडणेही चूक, आणि वर डांबर फासणे निरर्थक.

या साऱ्या विवेचनावर आक्षेप येणार, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा, की वडाला कसली आली आहे निगा? तो भिंतीवर उगवतो, विहिरीच्या कठड्यात उगवतो, कुणी पाणी घालत नाही आणि तरी वाढतो. खरे आहे. वडाचे बी मोहरीहून बारीक, पक्ष्यांच्या पोटातून जाऊन कुठेही पडते. पण भिंतीवरचा वड मोठा झालेला कुणी पाहिला आहे? एक तर भिंत पडते, नाही तर तो उपटला जातो. उघड्या रानात उगवलेले बहुतेक कोंब शेळ्या खातात. आपल्याला जे मोठे वड दिसतात ते गावठाणात, देवस्थानाच्या जमिनीत, ओढ्याकाठी आणि जुन्या रस्त्यांच्या कडेला. या सगळ्या जागांत साम्य काय, तर तिथे झाडाशी भांडणारे पीक नव्हते आणि कुणाचा तरी वचक होता. न सांभाळता वाढले असे जे वाटते, ते खरे तर न बोलता सांभाळलेले असते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातला झाडांविषयीचा मजकूर आज प्रत्येक वृक्षारोपणाच्या भाषणात येतो. तिथे विषय आरमाराच्या लाकडाचा आहे आणि उल्लेख आंबा-फणसांचा. पण रयतेने दीर्घकाळ जपून वाढवलेली झाडे तोडू नयेत, हे त्यातले कारण भाषणे करणारे सहसा गाळतात. त्यात झाडामागचे श्रम मोजलेले आहेत, ते मला अधिक मोलाचे वाटते.

दुसरा आक्षेप रस्त्याचा. वाहतूक वाढली आहे, पुणे-बंगळूर रस्ता सहापदरी व्हायलाच हवा, माणसांचे जीव अपघातात जातात, आणि एका वडाच्या बदल्यात दहा रोपे लावता येतात. रस्ता हवा याबद्दल वाद नाही. दहा रोपांचा हिशेब मात्र तपासून पाहावा. रोपाची सावली चौरस मीटरभर धरली तरी चारशे चौरस मीटर सावली देणाऱ्या झाडाच्या बदल्यात चारशे रोपे लागतील, आणि तीही सगळी जगली तर. महाराष्ट्राने २०२१ साली शहरी भागातल्या झाडांच्या कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद केली. आकडा वयाशी जोडला हे योग्य झाले. पण तो कायदा शहरांपुरता आहे, आणि म्हसव्यासारख्या गावांतच मोठे वड उरले आहेत. शिवाय वयाइतकी रोपे लावायची तर वयाइतकी जमीन लागेल, ती कुठली, याचे उत्तर कायदा देत नाही.

याला जोडून पुनर्रोपणाचा मार्ग सुचवला जातो. वडाच्या बाबतीत तो साफ फसवा नाही. वडाच्या जातीची झाडे मुळे तोडून हलवली तरी पुन्हा फुटतात, आणि तोडून जाळण्यापेक्षा हलवणे केव्हाही चांगले. पण हलवताना बहुतेक मुळे आणि जवळजवळ सगळा विस्तार छाटावा लागतो. नव्या जागी जे उभे राहते तो एक जाड खुंट असतो. दोनशे वर्षांचा वड हलवला असे म्हणण्यापेक्षा दोनशे वर्षे जाड झालेला खुंट लावला असे म्हणणे खरे होईल. त्याचा पुन्हा वृक्ष व्हायला काही दशके आणि पुन्हा तितकीच जमीन लागणार.

सर्वांत खरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे. वाळवा, पलूस, कराडच्या बागायतीत गुंठ्याला किंमत आहे. बांधावरच्या वडाच्या सावलीत ऊस खुरटतो, मुळे सरीत येतात, पक्षी ज्वारी खातात, आणि त्या झाडाचे लाकूड चांगला दर देत नाही. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण होते ते वेगळेच. या शेतकऱ्याला पर्यावरणाचे दाखले देऊन गप्प बसवणे अन्यायाचे आहे. म्हणून हे पुस्तक स्पष्ट सांगते, की बागायती बांधावर वड लावू नये. घरालगत, विहिरीलगत, पाण्याच्या टाकीलगतही लावू नये. पाया उखडला की वडाला शिव्या आणि कुऱ्हाड दोन्ही बसतात. वडाची जागा सार्वजनिक जमिनीत आहे: गायरान, ओढ्याचा उंच काठ, शाळेचे मोठे मैदान, स्मशानभूमी, बाजारतळ, देवस्थानाचे रान. सातबाऱ्यावर झाडांची नोंद होऊ शकते, झाडाखाली राखलेल्या जमिनीची होत नाही. ग्रामसभेने ठराव करून अशी पाच-दहा गुंठे जागा नकाशावर आखून ठेवली तर पुढच्या रुंदीकरणाच्या वेळी हरकत घ्यायला कागद तरी हातात राहील. कृष्णाकाठच्या क्षारपड झालेल्या गायरानात मात्र घाई करू नये. आधी निचरा, मग झाड.

लागवडीची कृती त्यामानाने सोपी आहे आणि ती पहिल्या दोन प्रकरणांत आली आहे. बियांपासून रोप करता येते, पण गावोगाव चालत आलेली रीत खुंटाची: मनगटाएवढी, सहा-सात फूट लांब सरळ फांदी मृगाच्या आसपास कापायची, वरच्या टोकाला शेण-मातीचा लेप द्यायचा आणि दोन फूट खोल गाडायची. खुंट उंच असल्याने शेळीचे तोंड शेंड्याला पोहोचत नाही, हा त्यातला जुना शहाणपणा. काळ्या रानात खड्ड्याच्या तळाशी मुरूम आणि दगडगोटे घालावेत, नाही तर पावसाळ्यात खुंट तळाशी कुजतो. पूर्व भागात पहिले तीन उन्हाळे पाणी चुकवू नये; बुडाशी बारीक छिद्राचे मडके पुरले तर आठवड्याला थोडक्या घागरींत भागते. बाभळीचे काटेरी कुंपण पुरते, पण ते खोड जाड होईल तसे बाहेर सरकवावे लागते. फाल्गुनाच्या सुमारास पाने गळतात तेव्हा ती झाडून जाळण्याची जी स्वच्छतेची हौस गावोगाव आली आहे, तिला आवर घालावा. तीच पाने खाली कुजली की गांडुळे येतात, माती मोकळी राहते आणि फुकट खत मिळते.

पुढच्या प्रकरणांचा क्रम या युक्तिवादाला धरून आहे. लागवडीनंतर लगेच जमिनीच्या मोजणीचे आणि आखणीचे प्रकरण येते, मग पारंब्या, मग पार, आणि छाटणी व कीडरोग सगळ्यांत शेवटी. वाचकांना हा क्रम उलटा वाटण्याचा संभव आहे, कारण झाडाला कीड लागली की मगच पुस्तक शोधले जाते. पिंपळ, उंबर आणि नांदरूक यांचा विचार इथे केलेला नाही. त्यांची मुळे, त्यांचा विस्तार आणि त्यांना लागणारी जागा वडाहून वेगळी आहे, आणि त्यांच्यासाठी हेच नियम जसेच्या तसे वापरले तर फसगत होईल.